वाचलेली वीज ज्याने वाचवली त्याच्या खात्यात राहू द्या : मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
तसेच वित्त, ऊर्जा, सार्वजनिक बांधकाम, नगरविकास, ग्रामविकास आणि पाणीपुरवठा व स्वच्छता या विभागांचे मा. सचिव

विषय : शासकीय इमारती, पाणीयोजना आणि पथदिवे यांच्या वीजवापरातील कार्यक्षमता व त्यासाठी खरेदी आणि लेखापद्धतीत करावयाचे बदल.

महोदय,

दरवर्षी 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी शासनातर्फे नागरिकांना वीज जपून वापरण्याचे आवाहन केले जाते. ते योग्यच आहे. परंतु राज्यात विजेचा मोठा वापर शासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था स्वतःच करतात. मंत्रालयापासून तलाठी कार्यालयापर्यंतच्या इमारती, जिल्हा रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, जिल्हा परिषदेच्या शाळा, वसतिगृहे, न्यायालये, शहरांना आणि गावांना पाणी उपसून देणारे पंप आणि रस्त्यांवरचे दिवे हे सगळे लोकांच्या पैशावर चालते. त्यामुळे ऊर्जा कार्यक्षमतेत पुढाकार कोणी घ्यायचा, याचे उत्तर शासनाने आपल्या आवारातूनच द्यायला हवे. ऊर्जा लेखापरीक्षणाच्या कामानिमित्त मी अनेक वर्षे शासकीय इमारतींत आणि पंपगृहांत वावरलो आहे. तिथे जे पुन्हा पुन्हा दिसले, त्याच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याकडे तंत्रज्ञान आहे, कायदा आहे, आणि माझ्या अनुभवात कर्मचाऱ्यांची इच्छाही आहे. अडते ते हिशेबाच्या पद्धतीत. शासकीय कार्यालयात पंखा किंवा वातानुकूलन यंत्र बसवण्याचा खर्च एका लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील एका खर्चाच्या खात्यातून, होतो आणि त्याचे वीजबिल दुसऱ्या लेखाशीर्षातून भरले जाते. खरेदीचा निर्णय सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखा घेते आणि देयक कार्यालयप्रमुखाच्या टेबलावर येते. या दोन रकमा एकाच कागदावर कधीही शेजारी येत नाहीत. त्यामुळे निविदेत सर्वांत स्वस्त ठरलेली वस्तू पुढील दहा वर्षांत सर्वांत महाग पडणार आहे, हे उघड असले तरी ते तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

याहून गंभीर अडचण पुढची आहे. एखाद्या कार्यालयप्रमुखाने मनापासून प्रयत्न करून वीजबिल कमी केले, तर उरलेली रक्कम त्याला 31 मार्चपूर्वी शासनाला परत (समर्पित) करावी लागते आणि पुढील वर्षाची तरतूद त्या कमी झालेल्या आकड्यावर बेतली जाते. म्हणजे प्रयत्नाचे फळ म्हणून त्याचे अनुदान घटते. उलट त्याने थोडा महाग पण कमी वीज खाणारा पंखा निवडला, तर न्यूनतम दर का स्वीकारला नाही म्हणून लेखापरीक्षणातील आक्षेप (लेखाआक्षेप) त्याच्या नावावर राहतो आणि कधी कधी निवृत्तीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. अशा रचनेत कोणताही सुज्ञ अधिकारी बचतीच्या वाटेला जाणार नाही आणि त्यासाठी त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

पंख्याचेच उदाहरण घ्या. जुन्या बनावटीचा छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे 75 वॅट वीज घेतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी, मोटरचा पंखा तेवढाच वारा सुमारे 30 वॅटमध्ये देतो. कार्यालयात दिवसाचे 8 तास आणि वर्षाचे 250 दिवस धरले, तर प्रत्येक पंख्यामागे वर्षाला साधारण 90 युनिट वाचतात. युनिटचा दर 8 रुपये धरला तर ही रक्कम 720 रुपये होते. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक 1,200 रुपये मानला, तर तो दोन वर्षांच्या आत वसूल होतो. रुग्णालयाच्या वॉर्डात हाच पंखा दिवसाचे 20 तास आणि वर्षाचे 365 दिवस फिरतो. तिथे बचत 328 युनिटांपर्यंत जाते आणि हा फरक सहा महिन्यांतच भरून निघतो. केंद्र शासनाने 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर तारांकन, म्हणजे वीजबचतीनुसार तारे दाखवणारे लेबल, सक्तीचे केले. त्यामुळे चांगला पंखा कोणता, हे ठरवण्यासाठी आता प्रयोगशाळेचीही गरज उरलेली नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. वॉर्डातले पंखे बंद करा, शाळेतले दिवे कमी करा, असे मी सुचवत नाही. आपल्या कित्येक शाळांत आणि आरोग्य केंद्रांत वारा आणि उजेड आहेत त्याहून अधिक हवेत, आणि कमी विजेत चालणारी साधने आली तर आहे त्या बिलात ते देता येतील.

सार्वजनिक खरेदीत किती ताकद असते, हे देशाने एकदा पाहिले आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील सार्वजनिक कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने एलईडी बल्बची घाऊक खरेदी सुरू केली, तेव्हा 2014 च्या आरंभी एका बल्बचा खरेदी दर 310 रुपये होता. 5 जानेवारी 2015 रोजी उजाला योजना सुरू झाली, खरेदीचे प्रमाण वाढत गेले आणि 2016 मध्ये हा दर 38 रुपयांवर आला. पुढे या योजनेतून 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. परंतु मला त्याहून मोठा परिणाम वाटतो तो बाजारावरचा. मोठ्या, खात्रीच्या आणि ठरावीक गुणवत्तेच्या मागणीमुळे उत्पादकांनी क्षमता वाढवली आणि ज्यांनी योजनेतून एकही बल्ब घेतला नाही, त्यांच्याही घरात स्वस्त एलईडी आला. महाराष्ट्र शासन, 29 महानगरपालिका, शेकडो नगरपालिका आणि 34 जिल्हा परिषदा यांनी एकत्रित मागणी नोंदवली, तर पंखे, पंप आणि वातानुकूलन यंत्रे यांच्या बाबतीत हेच घडू शकते.

कायद्याचा आधार शोधायला दूर जावे लागत नाही. ऊर्जा संवर्धन अधिनियम 2001 मधील कलम 15 ने राज्य शासनाला कार्यक्षम उपकरणांच्या वापरास प्राधान्य मिळावे यासाठी पावले उचलण्याचा अधिकार दिला आहे. कलम 16 मध्ये राज्य ऊर्जा संवर्धन निधीची तरतूद आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 173 नुसार, अधिसूचित विद्युत उपकरणे घेताना ठरवलेल्या किंवा त्याहून वरच्या तारांकनाचीच घ्यावीत, असे केंद्रीय विभागांवर बंधन आहे. राज्यात 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने खरेदीची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. तिच्यात वीज वापरणाऱ्या वस्तूंसाठी आयुष्यभराच्या खर्चाच्या तुलनेची स्पष्ट आणि बंधनकारक कलमे घातली, तर कनिष्ठ अभियंत्यालाही लेखाआक्षेपाचे भय न बाळगता योग्य वस्तू निवडता येईल. तुलनेचे सूत्र सोपे ठेवता येते. खरेदीची किंमत, अधिक अपेक्षित तासांचा वीजखर्च, अधिक देखभाल, या बेरजेत जो देकार सर्वांत कमी तो न्यूनतम.

आता पाण्याकडे वळतो, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मुंबईला वैतरणेचे पाणी बहुतांशी उताराने मिळते. राज्यातील बहुतेक शहरे तेवढी नशीबवान नाहीत. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीच्या जलाशयातून पाणी आणताना ते शंभर मीटरहून अधिक उंच चढवावे लागते. सोलापूरला उजनीचे पाणी लांबच्या जलवाहिनीतून येते. एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर, पाणी शंभर मीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमाने 0.27 युनिट वीज लागतेच आणि ती कोणी कमी करू शकत नाही. त्यावर जे लागते ते मात्र आपल्या हातात असते. दररोज एक कोटी लिटर पाणी 60 मीटर उचलणारे एक पंपगृह समजा. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 50 टक्के असेल, तर तिथे दिवसाला सुमारे 3,270 युनिट लागतील. ती 70 टक्के असेल, तर सुमारे 2,340 युनिटांत काम होईल. वर्षाचा फरक सुमारे 3 लाख 40 हजार युनिटांचा येतो. 8 रुपये दराने तो 27 लाख रुपयांहून अधिक भरतो, आणि हे एका मध्यम पंपगृहाचे उदाहरण आहे.

ही कार्यक्षमता ढासळते कशी, हे पंपगृहात उभे राहिल्यावर कळते. आराखडा करताना सल्लागार पाण्याच्या मागणीत सुरक्षिततेची भर घालतो, तपासणारा अभियंता दाबात थोडी भर घालतो आणि पुरवठादार शेवटी एक माप मोठा पंप देतो. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो, पण शेवटी येणारा पंप गरजेपेक्षा इतका मोठा निघतो, की तो चालवण्यासाठी व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवावा लागतो. त्या अर्ध्या बंद व्हॉल्व्हवर रोज विकत घेतलेली वीज उष्णता आणि आवाज होऊन वाया जाते. मोटर जळते, स्थानिक दुकानात ती पुन्हा गुंडाळून घेतली जाते आणि काम नीट झाले नसेल तर तिची कार्यक्षमता प्रत्येक वेळी थोडी खाली येते. इम्पेलर, म्हणजे पंपात पाणी ढकलणारे फिरते चाक, झिजतो, पण पाणी पडते आहे तोवर तो बदलायचे कोणाच्या मनात येत नाही. पंपावर दाबमापक असतो पण त्याची काच फुटलेली असते, आणि प्रवाहमापक असलाच तर तो बंद असतो. पाणी किती आणि वीज किती, हे दोन आकडे एका नोंदवहीत लिहिणारी पंपगृहे मला फार थोडी भेटली. जिथे ती भेटली, तिथे पंपचालकाला कोणाच्याही सल्ल्याविना माहीत होते की तिसऱ्या क्रमांकाचा पंप वीज जास्त खातो, आणि तो पंप तो शक्यतो लावत नव्हता. या माणसांच्या ज्ञानाची नोंद घेणारा एकही रकाना आपल्या पत्रकांत नाही, याची मला खंत वाटते.

75 किलोवॅट वीज घेणारा एक पंपसंच दिवसाला 16 तास चालला, तर तो वर्षाला 4 लाख 38 हजार युनिट घेतो, म्हणजे 8 रुपये दराने सुमारे 35 लाख रुपयांची वीज. त्याची खरेदी किंमत याच्या एका लहान हिश्शाएवढी असते आणि तो पंधरा वर्षे वापरला जातो. तरीही निविदेतली सगळी चुरस त्या लहान हिश्शासाठी होते. शिवाय गळतीचाही विचार याच हिशेबात व्हायला हवा, कारण जलवाहिनीतून वाहून जाणारा प्रत्येक थेंब वीज खर्चून वर चढवलेला असतो.

ग्रामीण भागात हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमधून गावोगाव नळयोजना उभ्या राहिल्या. त्यांचे भांडवल केंद्र आणि राज्याने दिले, पण रोजचे वीजबिल ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीतून निघायचे आहे. बिल थकले म्हणून वीजजोडणी तुटली आणि चांगली उभी योजना कोरडी पडली, हे महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिले आहे. अशा गावात पुन्हा डोक्यावर हंडे येतात आणि ते बायकांच्याच डोक्यावर येतात. म्हणून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि जिल्हा परिषदांचे पाणीपुरवठा विभाग योजनेला तांत्रिक मंजुरी देतात, तेव्हा प्रति हजार लिटर किती युनिट लागतील हा आकडा आराखड्यात लिहिणे आणि योजना हस्तांतरित करताना तो प्रत्यक्ष मोजून दाखवणे ठेकेदारावर बंधनकारक करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. या एका अटीने मोठ्या पंपांची सवय पुष्कळ कमी होईल.

पथदिव्यांबद्दल थोडेच लिहितो. एलईडी दिवे बहुतेक शहरांत आणि अनेक गावांत बसले आहेत. राहिलेला प्रश्न त्यांच्या देखभालीचा आणि देयकांचा आहे. दिवसा जळणारे दिवे आजही दिसतात, कारण सूर्योदय आणि सूर्यास्तानुसार चालणारा टायमर बिघडला की दुरुस्तीला महिने लागतात. बचतीच्या रकमेतून पुरवठादाराचे पैसे फेडायचे, या तत्त्वावर चालणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशातील अनेक नागरी संस्थांकडे थकबाकी साचली आणि त्यामुळे पुढील कामे अडखळली. ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची देयके राज्याने भरायची की पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून, हा वाद 2021 मध्ये राज्यभर गाजला. बचत झाली तरी ती स्वतंत्र खात्यात वेगळी काढून ठेवली नाही, तर ती सर्वसाधारण खर्चात विरून जाते आणि ज्याने दिवे बसवले त्याला द्यायला हातात काही उरत नाही.

छतावरील सौरऊर्जेबाबत एक सूचना करणे मला आवश्यक वाटते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेच्या निमित्ताने शासकीय इमारतींच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि ते स्वागतार्ह आहे. मात्र ज्या इमारतीत 75 वॅटचे पंखे आणि तांब्याच्या चोकच्या ट्यूबलाइट अजून आहेत, त्या इमारतीचा आजचा वापर धरून सौर संच ठरवला, तर तो गरजेपेक्षा मोठा आणि महाग होतो. आधी भार कमी करावा आणि मग उरलेल्या भारासाठी पॅनेल बसवावेत, हा क्रम शासन निर्णयातच लिहिला गेला पाहिजे.

यापुढे बांधल्या जाणाऱ्या इमारतींचा प्रश्न तर आणखी सोपा आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 मध्ये आली, 2017 मध्ये सुधारली आणि 2022 च्या कायदादुरुस्तीने तिची व्याप्ती वाढली. विदर्भातल्या उन्हात पश्चिमेकडे पूर्ण काचेची भिंत असलेली प्रशासकीय इमारत बांधायची आणि मग ती थंड करण्यासाठी तीस वर्षे चंद्रपूरचा कोळसा जाळायचा, हे थांबवणे वास्तुविशारदाच्या कागदावर एका दिवसात शक्य आहे. जुन्या दगडी कचेऱ्यांतील खोल व्हरांडे, उंच छते आणि कौले ज्यांनी वापरली आहेत, त्यांना यासाठी परदेशी दाखल्याची गरज पडणार नाही.

तरी इतरत्र शासनांनी स्वतःवर कोणती बंधने घालून घेतली, हे आपल्या अवलोकनासाठी नमूद करतो. युरोपीय संघाच्या 2023 च्या सुधारित निर्देशानुसार सदस्य देशांतील सार्वजनिक संस्थांनी मिळून आपला ऊर्जावापर दरवर्षी 1.9 टक्क्यांनी कमी करायचा आहे आणि सार्वजनिक इमारतींच्या क्षेत्रफळापैकी 3 टक्के भाग दरवर्षी नव्याने कार्यक्षम करायचा आहे. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 2005 मध्ये उन्हाळ्यात कार्यालयांचे तापमान 28 अंश ठेवण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा मंत्री आणि सनदी अधिकाऱ्यांनी आधी स्वतः कोट आणि टाय उतरवले. त्यानंतरच खासगी कंपन्यांना तसे करणे सोयीचे वाटू लागले. आपल्याकडे 1 जानेवारी 2020 पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ, म्हणजे यंत्र सुरू करताच आपोआप येणारे, तापमान 24 अंश ठेवण्याचा नियम आहे. एक अंश वाढवल्याने सुमारे 6 टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. 24 अंशांचा हा आकडा बैठकीच्या दालनांत आणि वरिष्ठांच्या कक्षांत पाळला गेला, तर कनिष्ठ कार्यालयांसाठी वेगळे परिपत्रक काढावे लागणार नाही.

वित्त विभागाचा एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. बचतीचे दावे फुगवलेले असतात, असे विभाग म्हणतो. पूर्वीचा वापर मोजलेलाच नसतो, मग बचत कशावरून ठरवली? यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे आधी मोजणे. शासकीय कार्यालयांत आता स्मार्ट मीटर बसू लागले आहेत. त्यांच्या नोंदींतून मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळेत रिकामी इमारत किती वीज घेते, एवढा एकच आकडा राज्याच्या महाऊर्जा या ऊर्जा विकास संस्थेने काढला, तर कुठून सुरुवात करायची ते घरबसल्या कळेल. इमारतीचे क्षेत्रफळ, कर्मचाऱ्यांची संख्या आणि कामाचे तास यांच्याशी वापराचे प्रमाण लावले, की दोन जिल्ह्यांतील सारख्या दोन इमारतींची तुलना करता येते. एका वर्षाच्या नोंदी हाती असल्याशिवाय कोणालाही बचतीचा मोबदला देऊ नये, ही अट मलाही मान्य आहे.

म्हणून विनंती अशी आहे. येत्या अर्थसंकल्पापूर्वी वित्त विभागाने शासन निर्णय काढून, मोजून सिद्ध झालेल्या वीजबचतीची निम्मी रक्कम पाच वर्षांपर्यंत संबंधित कार्यालयाकडे, शाळेकडे किंवा रुग्णालयाकडे राहील आणि तिच्यामुळे पुढील तरतूद कमी केली जाणार नाही, असे ठरवावे. उरलेली निम्मी रक्कम कलम 16 खालील निधीत जावी आणि ज्यांच्याकडे पहिल्या खर्चालाही पैसे नाहीत अशा ग्रामपंचायतींना व आरोग्य केंद्रांना ती फिरत्या भांडवलासारखी मिळावी. खरेदीच्या कार्यपद्धतीत आयुष्यभराच्या खर्चाचे सूत्र यावे आणि महालेखापालांच्या कार्यालयाशी विचारविनिमय करून ते लेखापरीक्षणासही मान्य असल्याचे लेखी स्पष्ट व्हावे. हे शेवटचे वाक्य किरकोळ वाटेल, परंतु विद्युत शाखेतील अभियंत्यांना विचारून पाहावे, त्यांना सर्वांत जास्त याचीच गरज आहे.

माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 मध्ये स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. त्यानुसार प्रत्येक शासकीय इमारतीचा आणि पंपगृहाचा मासिक वीजवापर, क्षेत्रफळ किंवा उचललेले पाणी यांच्यासह, संबंधित विभागाच्या संकेतस्थळावर आणि इमारतीच्या दर्शनी फलकावर लावला जावा. पहिला फलक मंत्रालयाच्या प्रवेशद्वाराशी लागावा आणि त्यावर येत्या 14 डिसेंबरपूर्वीच्या बारा महिन्यांचे आकडे असावेत. राज्यातील अनेक प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापक या मोजणीच्या कामात मदत करण्यास तयार आहेत, हे मी त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून सांगू शकतो. विभागाने बोलावल्यास मीही माझ्या जिल्ह्यातील पंपगृहांपासून विनामोबदला काम सुरू करीन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक ऊर्जा लेखापरीक्षक